भोंग्याखालचा हात

बस स्टँडवर तिला सगळे ‘घोषणाबाई’च म्हणायचे. काचेच्या खोलीत बसून तिने इतकी वर्षं गाड्या सोडल्या होत्या, की ड्रायव्हर एक वेळ साहेबांचं ऐकायचे नाहीत, पण तिचं ऐकायचे. तिची तऱ्हाच न्यारी. माइक सुरू केला की आधी त्यावर नखाने दोन टिचक्या, मग खिडकीबाहेर एक नजर, आणि मगच घोषणा. कुणी म्हातारं माणूस बोचकं सावरत पळताना दिसलं, तर ‘गाडी सुटत आहे’ हे शब्द तिच्या तोंडातून निघायचेच नाहीत. ड्रायव्हर बिचारा स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचा.

टिचक्या म्हणजे माइकची तपासणी, असं लोकांना वाटायचं. खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिच्या घशाला कोरड पडली, काही केल्या शब्द फुटेना. तेव्हा भोंगे बसवायला आलेला वायरमन शिडीवरून उतरून खिडकीशी आला. म्हणाला, "नुसत्या दोन टिचक्या मारा. मी तिथे भोंग्याखाली उभा राहतो. ऐकू आल्या की हात वर करीन. मग माझ्याशीच बोलताय असं समजा आणि बोला."

त्याने हात वर केला आणि तिचा आवाज सुटला. पुढे त्या वायरमनशीच तिने लग्न केलं. तो स्टँडवर कुठेही असो, हातात पाना असो नाहीतर चहाचा कप, टिचक्या ऐकू आल्या की हात वर जायचाच. "मालकीणबाईंनी हजेरी घेतली हो!" म्हणून ड्रायव्हर त्याची टर उडवायचे. तो हसायचा, ती खिडकीआड लाजायची.

अशात हेड ऑफिसकडून एक पेटी आली. जोडणीचं काम अर्थातच नवऱ्याकडे. एका बाजूने टेलिफोनची तार आत, दुसऱ्या बाजूची वायर भोंग्यांच्या ॲम्प्लिफायरला. कुणीही कुठूनही तो नंबर फिरवला, की दोन घंटा झाल्यावर पेटी आपणहून फोन उचलणार आणि बोलणाऱ्याचा आवाज थेट भोंग्यांतून निघणार. तेवढा वेळ खोलीतला माइक मुका.

"मग माझं काय काम उरलं?" तिने विचारलं.

"वेडी की काय तू? हे सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय. गुडघा धरला की घरी पडल्या पडल्या नंबर फिरवायचा नि बोलायचं. साहेबांच्या मागे लागून लागून आणवलीय पेटी."

"खरं सांगा. माझी खुर्ची जाणार नाही ना?"

"तुझ्या गळ्याची शपथ," तो म्हणाला, आणि नंबर तिच्याकडून घोकून घेतला.

जिचं पोट गळ्यावर, तिच्या गळ्याची शपथ घेतलेली! तिने डोळे मिटून विश्वास ठेवला.

घरात धाकटी नणंद होती. संसार मोडला तेव्हा तिला ट्रंकेसकट माहेरी आणायला वहिनीच गेली होती. एकदा भाकरी थापताना नणंद म्हणाली, "वहिनी, मलाही शिकवा ना. तुम्ही आजारी पडलात तर मी बसेन." हिला कोण आनंद! ओट्याशी पळी तोंडापुढे धरून शिकवणी सुरू झाली. श्वास कुठे घ्यायचा, गावाचं नाव कसं सुटं म्हणायचं, फलाटाचा आकडा पुन्हा का सांगायचा. हातचं काही राखलं नाही. टिचक्या तेवढ्या शिकवल्या नाहीत. ती काही शिकवायची गोष्ट नव्हती.

चाचणीच्या दिवशी साहेब मंडळी भोंग्याखाली जमली. ‘आज माइकला हात लावू नका,’ असा तिला निरोप होता. आपण तर इथेच आहोत, मग घरून फोन कोण करणार, असा विचार करत ती मांडीवर हात ठेवून बसली. पेटीत घंटा वाजली, पुन्हा वाजली, खट् झालं.

आणि भोंग्यांतून आवाज आला. टक्, टक्.

तिने चमकून आपल्या हातांकडे पाहिलं. हात मांडीवरच होते.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," नणंद बोलत होती, अगदी तिच्याच सुरात. "आजपासून सर्व स्टँडवरच्या घोषणा हेड ऑफिसातून होतील. फलाट तीनवरची गाडी सुटत आहे." एक बाई लेकराला काखोटीला मारून निम्म्या वाटेत धावत होती. पेटीला ती कुठून दिसणार? गाडी गेली. आणि भोंग्याखाली नवऱ्याचा हात वर होता, तोंडभर हसू होतं.

ती तडक बाहेर आली. त्याने तिला पार्सलच्या खिडकीकडे बाजूला घेतलं.

"ओरडू नकोस, लोक बघताहेत. हेड ऑफिसातली ही नोकरी मीच तिला मिळवून दिली. तिला दुसरं कोण आहे सांग? तुला मी आहे."

"मागितली असती तर खुर्ची दिली असती मी! हसत दिली असती."

"आधी कळलं असतं तर तू शिकवलं नसतंस."

हे मात्र तिला झोंबलं. इतक्या वर्षांत या माणसाने आपल्याला एवढंच ओळखलं? "आणि टिचक्या? त्या कुणी शिकवल्या?"

तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "अगं, तिचाही घसा बसला होता भीतीनं. मीच म्हटलं, टिचक्या मार, मी हात वर करीन. तिला काही दिसणार नव्हतं, पण तेवढाच धीर. दोन टिचक्याच तर आहेत, त्यात काय एवढं?"

साहेबांनी हाक मारली तसा तो सुटल्यासारखा तिकडे पळाला.

पार्सलच्या खिडकीशेजारी नाण्याचा फोन होता. नंबर तिला तोंडपाठ होता, त्यानेच तर घोकून घेतला होता. तिने नाणं टाकून तो फिरवला. दोन घंटा, खट्. साहेब त्याचा हात हातात घेऊन शाबासकी देत होते. तिने रिसीव्हरवर नखाने टिचक्या मारल्या.

त्याने साहेबांच्या हातातून हात सोडवला. तो सवयीने वर गेला. मग त्याने काचेच्या खोलीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही. "भोंग्याखाली उभ्या असलेल्या वायरमननी हात खाली घ्यावा. त्यांच्याशी कुणी बोलत नाहीये."

स्टँडवर सगळ्या माना तिकडे वळल्या. तिने रिसीव्हर जागेवर ठेवला, पदर खोचला आणि चालू लागली. त्याचा हात अजून वरच होता.