डोमाजींचं लिव्हर

अल्लीपुरात डोमाजी किराणावाल्यांच्या दुकानासमोरून पिऊन जायची कोणाची छाती नव्हती. जिल्ह्यात दारूबंदी होती ती कागदावर; गावात ती डोमाजींच्या नाकावर होती. गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष ते. पन्नास पावलांवरून त्यांना तोंडाचा वास यायचा म्हणे. स्वतः चहाशिवाय कशाला शिवले नाहीत. पण चहात तीन चमचे साखर, बुडाखाली गादी आणि दिवसभर हलायचं नाव नाही. पोट सुटलं, मधुमेह जडला.

दोन वर्षांपूर्वी आरोग्य शिबिरात त्यांची सोनोग्राफी झाली. लिव्हरवर चरबी आहे, ते कडक होऊ लागलंय, दर सहा महिन्यांनी तपासून घ्या, असं लिहून मिळालं. तो कागद डोमाजींनी देवघरातल्या तसबिरीमागे सारला. लिव्हर म्हटलं की गावात एकच अर्थ निघायचा, आणि तो गावाला त्यांनीच शिकवला होता.

शिबिराच्या आदल्याच वर्षी त्यांच्या दुकानातल्या हमालाचं, पुनाजीचं, पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. डोमाजींनी त्याला भर गिऱ्हाइकांत कामावरून काढलं.

"मालक, मी थेंबई घेत नाई," पुनाजी म्हणाला.

"सारेच असं म्हणतात," डोमाजी म्हणाले. गिऱ्हाइकं हसली. चार महिन्यांत पुनाजी गेला.

यंदा डोमाजींच्या बरगडीखाली दुखू लागलं, अन्न जाईना. बायको वच्छलाबाई त्यांना ओढतच सेवाग्रामच्या इस्पितळात घेऊन गेल्या. लिव्हरचा कॅन्सर आहे, पसरलाय, असं डॉक्टरीणबाईंनी हळूच सांगितलं.

"पण मी दारू पेत नाई!" डोमाजी ओरडलेच.

"मी कुठं तसं म्हटलं? चरबीनं लिव्हरला जखमा होतात. त्या भरायला शरीर पेशींना 'वाढा' असा निरोप धाडतं. रोज जखम, रोज निरोप. शेवटी काही पेशी निरोपाची वाटही पाहत नाहीत, आपल्या मनानं वाढत सुटतात. दर सहा महिन्यांनी तपासायला आला असता, तर गाठ लहान असतानाच सापडली असती."

"कोणते सहा महिने?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"न पेता बी लिव्हर जाते?" डोमाजींनी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं.

"सर्रास. चरबीनं जातं, काविळीनं जातं."

गावात उतरल्यावर ते घरी गेलेच नाहीत. पुनाजीच्या बायकोच्या, सखूच्या, दारात उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणाची भीती वाटत होती.

"सखू, पुनाजी पेत नव्हता."

"मले काऊन सांगून राह्यले? मले माहीत हाय," ती म्हणाली. "गावाले सांगा."

डोमाजींनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी समितीची बैठक बोलावली, तो दोन वर्षांपूर्वीचा कागद सगळ्यांसमोर ठेवला. पुनाजी निर्दोष होता, चूक माझी, असं म्हणाले. "मले बी तेच झालं. अन् मी तर थेंबई घेतला नाई."

कागद हातोहात फिरला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. उपाध्यक्ष सदाशिवरावांनी चष्मा पुसला.

"सारेच असं म्हणतात, डोमाजी."

मागे कोणीतरी हसलं, मग सगळेच. दाराशी उभी असलेली सखू तेवढी हसली नाही.