अंगठ्याला गडद रंग

भावजयीनं बाटली दोन तळव्यांमध्ये धरून पुढे-मागे फिरवली. आतले छर्रे टकटकले आणि तळाशी बसलेला विटकरी रंग हळूहळू वर चढला.

"जोरात हलव की," समोर बसलेली नणंद म्हणाली.

"जोरात हलवलं की बुडबुडे येतात. मग नखावर देवीचे वण उठल्यासारखं दिसतं."

"बरं बाई. तुझं शास्त्र तुला ठाऊक."

शास्त्र घरचंच होतं. फुटक्या आयशॅडोच्या वड्या खलात घोटायच्या, मलमलीच्या तुकड्यातून चाळायच्या, कागदाचं नरसाळं करून ती पूड बिनरंगी नेलपॉलिशमध्ये सोडायची. वरून सायकलच्या दुकानातून आणलेले दोन छर्रे टाकायचे, म्हणजे रंग नीट मिसळतो. भावजयीचा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की आमच्या घरी दगडी खल आहे, पण त्यात अजून मिरीचा दाणासुद्धा कुटला गेलेला नाही.

या उद्योगाची खरी जाहिरात म्हणजे नणंदेचे हात. ती पोस्टात खिडकीवर बसायची. लोकांना तिचा चेहरा नंतर दिसायचा, आधी हात. ऋतू बदलला की भावजय नवी नक्षी पहिल्यांदा तिच्या नखांवर काढायची, आणि पार्सल पाठवायला आलेल्या बायका पावतीबरोबर भावजयीचा पत्ताही घेऊन जायच्या. नणंद-भावजयीत विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. इथे विळा आणि भोपळा एकाच टेबलाशी बसून, वसंताला पोपटी बरा की शेवाळी, यावर तासन् तास भांडायचे.

या सगळ्याला एकच गालबोट होतं, ते नणंदेच्या उजव्या अंगठ्यावर. गेल्या पानगळीला भावजयीनं कॉफीच्या रंगाची पहिली बाटली बनवली आणि उत्साहाच्या भरात खाली बिनरंगी बेस कोट लावायचा विसरली. पुढच्या खेपेला रंग पुसला तेव्हा अंगठ्याच्या नखावर एक तपकिरी रेघ तशीच राहिलेली दिसली. "रंगारणीनं सही केली," असं म्हणून नणंदेनं ते हसण्यावारी नेलं. भावजयीला मात्र ती रेघ डोळ्यांत खुपायची. मग तिनं स्वतःपुरता एक नियम केला. अंगठा सगळ्यात शेवटी पुसायचा, त्याच्याकडे बघत बसायचं नाही, आणि लगेच हाताशी असलेला सगळ्यात गडद रंग चढवायचा. थंडीत कोळशाचा, वसंतात गर्द हिरवा, पावसात जांभळट काळा. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसाच हा अंगठा.

आज नणंद कामाच्या दिवशी भर दुपारी आली होती. रजा टाकलीय, एवढंच म्हणाली.

"या वेळी एकेका बोटावर वेगळं काढ," ती म्हणाली. "थंडी, वसंत, ऊन, पाऊस, सगळं वर्ष येऊ दे."

"बाहेर झाडं झडतायत, ताई. मी वसंत कुठून आणू?"

"बाटलीतून आण. आणि फोटो नीट काढ. दहाही बोटं दिसली पाहिजेत."

"आजवर कधी अकरावं दिसलंय का?"

एरवी अशा बोलण्यावर नणंद टेबलावर हात आपटून हसायची. आज तिनं फक्त हात पुढे केले. कामाचा शीण असेल, असं भावजयीला वाटलं. तिनं खिडकी उघडली, कापसाचे बोळे भिजवले आणि करंगळीपासून जुना रंग पुसायला घेतला. खोलीत रिमूव्हरचा उग्र वास पसरला.

शेवटी राहिलेल्या अंगठ्यावर तिनं बोळा दाबून धरला, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. हात ओले होते, म्हणून तिनं करंगळीनं स्पीकर लावला.

गिऱ्हाईक होतं, कोणी तरुण मुलगी. तिचा स्वर चांगलाच तापलेला होता. "तुमच्या रंगानं माझी नखं पिवळी पडलीयत. हे जाणार कसं?"

"खाली बेस कोट लावला होता का?"

"नव्हता."

"मग घाबरू नका, आणि घासू तर अजिबात नका." हे उत्तर भावजयीला तोंडपाठ होतं. बोलता बोलता तिनं अंगठ्यावरचा बोळा ओढला. "रंगाचा डाग वरवरचा असतो. नख मुळाकडून वाढतं, म्हणजे डाग आपोआप टोकाकडे सरकत जातो. मुळाशी स्वच्छ नख येतं. पाच-सहा महिन्यांत शेवटचा तुकडा कापून टाकलात की..."

तिनं अंगठा खिडकीच्या उजेडाकडे वळवला.

तिच्या बोटांत नणंदेचा अंगठा होता. तपकिरी रेघ मुळापासून टोकापर्यंत जशीच्या तशी होती. जशीच्या तशीही नव्हती. ती रुंद झाली होती, मुळाशी जास्त, आणि नख जिथून उगवतं तिथली कातडीही काळवंडली होती. रंग लावून वर्ष उलटलं होतं. एवढ्या काळात जुनं नख जाऊन सगळं नवं आलं असणार. मग ही रेघ नव्या नखात कुठून आली?

घरोघरच्या बायकांना जे भावजय घडाघडा सांगत आली होती, ते या एका नखाला तिनं कधी लावूनच पाहिलं नव्हतं. बघायचंच नाही, असं ठरवून ती वर्षभर त्यावर रंग फासत आली होती.

"हॅलो? ऐकताय ना?" मुलगी विचारत होती.

नणंदेनं डाव्या हातानं फोन ओढला. "ती तुम्हाला मागाहून फोन करेल," असं सांगून तिनं तो बंद केला.

"ताई, हा डाग..."

"हं."

"हा सरकायला हवा होता. माझ्या रंगाचा असता तर केव्हाच कापून गेला असता."

"माहीत आहे."

नणंदेच्या आवाजात काही चढउतार नव्हता. भावजयीनं मान वर केली.

"तू माहेरी गेली होतीस ना, तेव्हा रंग उडाला," नणंद म्हणाली. "मी तशीच बसले खिडकीवर. पार्सल घ्यायला एक नर्स आली होती. तिनं पावती सोडून माझा अंगठाच धरला. हे किती दिवसांपासून आहे, म्हणाली. मग डॉक्टर झाले, काळ्या कातडीचा बारीक तुकडा काढून तपासणं झालं. जखम भरल्यावर वर रंग मीच लावला. कॅन्सर आहे. परवा सकाळी ॲडमिट व्हायचंय. अंगठ्याचं वरचं पेर काढणार आहेत. आणखी कुठे पसरलंय का, ते नंतर कळेल."

भावजयीला शब्द ऐकू येत होते, पण त्यांचा अर्थ मागाहून, एकेक करून पोचत होता. पेर. काढणार. परवा. तिनं नणंदेचा अंगठा सोडला नव्हता. तो ऊबदार होता, हलत होता, काही झालंय असं त्याच्या स्पर्शावरून वाटतच नव्हतं.

"घरात कुणाला सांगितलंत?"

"तुझ्या नवऱ्याला संध्याकाळी सांगते. त्याला आधी सांगितलं असतं तर तो रडत बसला असता, मग तुला नखं कोण रंगवू देणार? परवा जाताना सगळं पुसून या म्हणालेत. तोवर राहू दे माझ्या हातावर."

भावजयीला रडू येत नव्हतं. तिला धक्काच एवढा बसला होता की रडायला लागणारी जागाही आत उरली नव्हती. एका अनोळखी बाईला काचेपलीकडून एका नजरेत जे दिसलं, ते आपल्याला हात हातात घेऊन दिसलं नाही. आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. टेबलावर ओळीनं बाटल्या उभ्या होत्या, विटकरी, शेवाळी, कोळशाची. कुठल्या बाजारातल्या कुठल्या वड्या आपण घोटल्या, त्यात काय होतं, हे तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"ताई, माझ्यामुळे झालं का?"

"मी डॉक्टरांना पहिला प्रश्न तोच विचारला," नणंद म्हणाली. "माझं काय होणार, ते नंतर. म्हटलं, भावजय घरी रंग बनवते, तो लावते मी. त्यानं झालं का?"

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"नक्की?"

"नक्की. असं कुणालाही होतं म्हणाले."

भावजयीच्या छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं, आणि आपल्याला हलकं वाटतंय याचीच तिला लाज वाटली. तिनं ब्रश हातात घेतला. मग तो पुन्हा खाली ठेवला.

"ताई."

"आता काय?"

"आणि ते हो म्हणाले असते तर?"

नणंदेनं दोन्ही पंजे टेबलावर सपाट पसरले. उजवा अंगठा जरा बाहेरच्या बाजूला आला.

"तर मी तुला नाही म्हणूनच सांगितलं असतं," ती म्हणाली. "चल, बाटली उघड."

भावजय तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पार्सल उद्या नक्की पोचेल, असं खिडकीवर बसून दिवसभर लोकांना सांगणारा तो चेहरा होता, शांत आणि जरासा थकलेला. डॉक्टर खरंच काय म्हणाले, ते त्यावरून तिला कळेना. तिनं बाटली उचलली, पण झाकण न उघडता ती पुन्हा दोन तळव्यांमध्ये धरून पुढे-मागे फिरवायला लागली.