हात ढिला सोड, बये!

सौदामिनीबाई कॅमेऱ्याला कधी भ्यायल्या नाहीत, पण २००४ सालच्या त्या दुपारी वेल्ह्याच्या वाटेवरचं विंझर गाव मागे पडलं तशी त्यांनी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितली. वेल्ह्याला त्यांचा सत्कार होता. सत्काराचं काय घेऊन बसलात, असले सत्कार त्यांनी छप्पन्न पाहिले होते! भीती होती ती रहमतबीची.

अहो, चोरीच केली होती बाईंनी. दहा वर्षं टीव्हीवर 'चंपाक्का बांगडीवाली' होऊन त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला हसवलं, ती चंपाक्का म्हणजे नखशिखान्त रहमतबी. वडील वेल्ह्याच्या तहसील कचेरीत कारकून होते, तेव्हा लहानगी सौदामिनी बाजारच्या दिवशी रहमतबीच्या बांगड्यांपाशी ठाण मांडून बसायची. रहमतबी गिऱ्हाइकाचा हात दाबता दाबता नवऱ्यांची, सासवांची टर उडवायची. बाई खदखदून हसली की हात सैल पडायचा, आणि तेवढ्यात बांगडी मनगटात! 'हात ढिला सोड, बये!' हे चंपाक्काचं गाजलेलं वाक्यसुद्धा तिचंच.

आणि बक्षीस मिळालं तेव्हा पेपरवाल्यांनी विचारलं, ही चंपाक्का सुचली कुठून, तर बाई काय म्हणाल्या? "आपोआप सुचलं." उचलली जीभ, लावली टाळ्याला. छापून आलेलं वाचून त्यांची त्यांनाच लाज वाटली, पण वेल्ह्याला दोन ओळींचं पत्र काही धाडलं नाही.

म्हणून सत्काराआधी त्या थेट बाजारात गेल्या. रहमतबी होती तिथंच होती, केस तेवढे पांढरे झालेले. भोवती पाच-सहा बायका. तिने वर पाहिलं, ओळखलं आणि बाईंचा हात पुढे ओढला.

"मावशी, मी..."

"हिरव्या का लाल?"

"हिरव्या."

पुढे चकार शब्द नाही. पन्नाशीचा भरलेला हात, बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडकून बसली. रहमतबीने मुक्याने बांगडी भरलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याचं थोडं, लाजेचं जास्त.

"चुकले मी, मावशी. तुमचं नाव घ्यायला पाहिजे होतं."

रहमतबी गप्पच. हात दाबतेय, दाबतेय. मग तिने पदर खांद्यावर फेकला, हनुवटी वर केली आणि हुबेहूब टीव्हीवरच्या चंपाक्कासारखी गरजली, "आपोआप सुचलं व्हय गं? माझ्या सासूला मरंस्तवर काय सुचलं न्हाई! हात ढिला सोड, बये!"

बायका लोटपोट. बाई तर रडता रडता अशा हसल्या की बांगडी कधी चढली ते कळलंसुद्धा नाही.

"बगितलंस?" रहमतबी म्हणाली. "रागावले न्हवते मी. हसवायच्या आदी आसं गप बसायचं आसतं. तू टीवीवर लई घाई करतीस. धा वरसं बगतीया, दर खेपेला वाटतं, वाढवली हिनं बांगडी, झालं दोन तुकडं!"

बाईंनी बांगड्या भरून झाल्यावर करतात तसा वाकून नमस्कार केला, आणि रहमतबीला हाताला धरून मांडवात नेलं, पहिल्या रांगेत बसवलं.

सत्काराला उत्तर द्यायला उभ्या राहिल्या, ते पहिलं नाव रहमतबीचं घेतलं. "माझ्या गुरू," म्हणाल्या, आणि गप्प झाल्या. मांडव चिडीचूप. बाई गप्पच. शेवटी पहिल्या रांगेतून डोळे पुसत आवाज आला, "आता बोल की गं, लई झालं!"