बोडीचं पाणी कुठं जाते

आमची बोडी, म्हणजे पावसाचं पाणी अडवलेलं लहान तळं, गोंदियाच्या अगदी कडेले. बोडीच्या मातीच्या भिंतीले आमी पार म्हणतो. पाराखाली आमच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, त्या सरल्या का मोहल्ला, आन मोहल्ल्याच्या टोकाले राईस मिल. माया नवरा दुधराम पाटकरी होता. कोणाच्या बांधीत केव्हा पाणी सोडाचं, ते तो ठरवे. तो गेला तवा लोक म्हणले, आता पाटकरी कोण? मी म्हणलं, काऊन, मी मेली का? त्या दिवसापासून पाणी मीच सोडते.

चोपन सालची गोष्ट. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, जाऊन तीन वर्षं झाली होती आन बोडी कोणाची, हे कोणालेच धड ठाऊक नव्हतं. मिलवाल्याले उसना, म्हणजे उकडलेला धान वाळवाले मैदान पाहिजे होतं. त्यानं अर्ज टाकला का बोडी बुजवून द्या. पुसाच्या महिन्यात ओव्हरसियर साहेब पाहाले आले. संगं मिलचा मुनीम ईश्वरदास, तोंडात पान.

"साहब, ये तो मच्छरों का घर है," मुनीम म्हणला. "शहर को इसका क्या फायदा?"

मले असा राग आला बाप्पा! म्हणलं, "मुनीमजी, मोहल्ल्याच्या विहिरी काय तुमच्या बापानं भरल्या? या बोडीचं पाणी जमिनीतून तिकडं जाते. ज्या साली बोडी रिकामी, त्या साली विहिरीले दोर लांब लागते. मोहल्ल्यातल्या कोण्याही बाईले विचारा."

"हमारे कुएँ में तो पाताल का झरना है, बाई," तो खो खो हासला.

साहेब भला माणूस होता. म्हणला, "बाई, तुमचं खरं असेल. पण नुसत्या बोलण्यावर मला कागद लिहिता येत नाही."

मायी जीभ कोणाच्या ताब्यात राहते थोडी! मी बोलून बसली, "मंग तुडूम उघडते. आठ दिवस. विहिरी उतरल्या नाई, तं बोडीत पहिली टोपली माती मीच टाकीन."

तुडूम म्हणजे पाराच्या पोटातली पाणी सोडाची मोरी. तिच्या भोकाले सागाचा डाट बसवलेला राहते. मी कमरभर पाण्यात उतरली आन डाट उपसला. साहेबांनं मोहल्ल्याच्या तीन विहिरींत पाण्याच्या पातळीवर कोळशानं खुणा केल्या, चौथी खूण मिलच्या विहिरीत.

शेजारची बायजाबाई धावत आली. "काऊन व रुख्मा, डोकं फिरलं का तुयं? बोडी आटली तं जनावरं का पितील?"

तिचं काही चुकलं नव्हतं. बांध्यांत धानामागं पेरलेली लाखोरीची डाळ फुलावर होती. दुसऱ्या कोणाची बुडू नये म्हणून पाटाचं तोंड मी मायाच बांधीत फोडलं, तिथून पाणी नाल्यात काढलं. दोन दिवसांत मायी लाखोरी पाण्याखाली गेली.

चार दिवस झाले, विहिरी जागच्या हालल्या नाई. पाचव्या दिवशीही नाई. बोडी अर्ध्यावर आली. मुनीमानं मिलच्या हमालाच्या हातून नवी कोरी टोपली पाठवून देल्ली. मले जेवण जाईना. दुधरामनं आयुष्यभर राखलेली बोडी मीच मायाच हातानं मारून राहिली का, हाच विचार. डाट परत बसवावा म्हणून दोनदा पारावर गेली, दोनदा परत आली.

सातव्या दिवशी सकाळी मी अंगण सारवून राहिली होती. उन्हं अंगणभर आली तरी मिलचा भोंगा काही वाजला नाई. गोंदियात सूर्य चुकन, पण तो भोंगा नाई चुकत. थोड्या वेळात बायजाबाईच ओरडत आली, "रुख्मा व! मिलच्या विहिरीत बालटी चिखलाले टेकली. बायलरले पाणी नाई! आन आपल्या मोहल्ल्याच्या तिन्ही विहिरी दोन हात उतरल्या!"

सारवणाच्या हातानंच मी पारावर पळाली. साहेब चारही विहिरी पाहून तिथं आलेच होते. वहीत लिहून राहिले होते, बोडी बुजवू नये, पाणलोट राखावा. मले वाचून दाखवलं. शाळा नाई पाहिली मी, पण शहर कोणाचं पाणी पिते, हे मी शहराले दाखवलं होतं.

मुनीम धोतर सावरत आला. पान नव्हतं तोंडात. "बाई, माल भट्टी में अटका है. डाट लगा दो, जल्दी."

"डाट हा पडला," मी बोट दाखवलं. "उतरा."

त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेब वहीत पाहात राहिले. मंग मुनीमानं जोडे काढले आन मांडीभर चिखलात उतरला. तुडूम त्याले काही सापडेना.

"तिकडं कुठं जाता?" मी पारावरून ओरडली. "डावीकडं! आन दोन्ही हातानं दाबा, मुनीमजी. मी म्हणीन तवाच सोडा."