तिसरा शड्डू

“ह्योच! ह्योच माज्या बिराप्पाचा शड्डू!” पारावर टेकलेली हरणाबाई धडपडत उठली. मांडीवरचं नवं घोंगडं धुळीत पडलं, ते झटकायचंही तिला भान राहिलं नाही.

समोर सांगलीची तालीम. दार सताड उघडं, पण बाईमाणसानं उंबरा ओलांडायचा नाही. तांबड्या मातीवर बाईची सावलीसुद्धा चालत नसे. पोराला नऊ महिने पोटात वागवावं आणि त्याची कुस्ती मात्र भिंतीआडून ऐकावी, असा हा पुरुषांचा न्याय. हरणाबाईनं तोही मुकाट्यानं मानला होता.

एरवी धनगराच्या पोराला तालीम कुठली परवडायला? पण जर्मनांची लढाई संपली त्या वर्षी हळदपेठेतल्या व्यापाऱ्यांनी, दर सौद्यामागं गिऱ्हाइकाकडून कापून घेतलेल्या धर्मादायातून, गरीब पोरांना खुराक सुरू केला. पैसा गिऱ्हाइकाचा आणि नाव व्यापाऱ्याचं, पण दूध-बदाम पोरांच्या पोटात जात होते, हे खरं. अट एकच, पोरानं बारा महिने तालमीतच राहायचं.

नवरा, आकाराम, बिथरला. “दसरा झाला की आपुन मेंढरं घिऊन भाईर पडनार. पोरगं कुणाच्या जिवावर ठिवायचं?”

“ह्याच्या नशिबाला तरी मेंढरं नगंत,” हरणाबाईनं हट्टच धरला. “दूध पिऊन गडी हुईल माजा.” शेवटी आकारामच पोराला तालमीत सोडून आला.

निघायच्या आधी काही दिवस मेंढरं नदीकाठी बसली होती. रोज पहाटे हरणाबाई या पारावर येऊन बसायची. आत ढीगभर पोरं मांडीवर थापा मारायची, त्यातली आपल्या पोराची कुठली, ते काही कळायचं नाही. मग बिराप्पानंच तोड काढली.

“आये, मी दोन शड्डू जोडून मारीन. मग जरा थांबून तिसरा. त्यो तिसरा तुजा.”

आज, पावसाळ्याच्या तोंडावर परत आल्या आल्या, तसंच वाजलं होतं. धप् धप्. आणि मग, धप्.

“आवं लालासाहेब वस्ताद! माज्या पोराला धाडा की भाईर!”

वस्ताद मातीचे हात पुसत दारात आले आणि तिला बघून पायरीवरच बसले.

“कुटं हुतीस गं बाई? दोनदा मानसं धाडली. कऱ्हाडापतुर हुडकलं, तर मेंढरं म्होरं गेल्याली.” त्यांनी हात पुन्हा पुसले. “मुदतीचा ताप आला त्याला. डाक्टर आनला, रातध्याड उशाला बसलो. माघात गेलं पोरगं. ह्याच हातांनी माती दिली.”

हरणाबाईनं तालमीच्या दाराकडं बोट केलं. “आवं, पन आत्ता वाजला की. म्या ऐकला.”

“त्याचीच खोड हाय ती. समद्या पोरांनी उचलली. तिसरा कशाला मारायचा, कुनालाच ठावं न्हाई.” वस्ताद आत जायला उठले. “तुला तरास हुतुया. थांब, बंद कराय लावतो.”

“नगा!” ती ओरडली. मग हळू म्हणाली, “मारू द्या त्यास्नी.”

तिनं घोंगडं उचललं, झटकलं, नीट घडी घातली. मेंढरांमागं चालता चालता तिनंच त्याची लोकर कातली होती. उंबऱ्याला पाय लागू न देता तिनं ते अलीकडंच ठेवलं.

“त्याच्या जागी जे पोरगं आलं आसंल, त्याला द्या. हातभर जास्त लांब इनून घेतलंय. दूध पिऊन वाढला आसंल, म्हनलं.”

ती पुन्हा पारावर जाऊन बसली. पोराला घटकाभर भेटीला घेऊन येते म्हणून सांगून आली होती. नदीकाठी आकाराम वाट बघत असेल. पण तिला उठवेना.

आत नवी जोड मातीत उतरली. दोन थापा वाजल्या. हरणाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

मग तिसरी वाजली.

“व्हय रं बाळा,” ती म्हणाली.