सत्तावीस नंबरचे मोजे

"सिस्टर, हे बघा काय निघालं आतून! गिटार आहे की बोचकं?"

दुरुस्तीवाल्याने टेबलावर पांढऱ्या चिंध्यांचा ढीग ओतला आणि हात झटकले. शेजारी गिटार पहुडली होती. व्हायोलिनसारखी फुगीर पोटाची, मधोमध गोल भोक नाही, तर दोन बाजूंना दोन वळणदार फटी. त्या फटींतून चिमट्याने तासभर त्याने हा माल उपसला होता. "खालचा माल दबून पापड झालेला, त्यावर नवी भर. टोकं बाहेर लोंबत होती हो, अगदीच कसंतरी दिसत होतं," असंही वर म्हणाला.

सिस्टरनी एक चिंधी उचलली. चिंधी कसली, मोजा होता तो. नर्सच्या गणवेशातला, टाचेला फाटलेला. काठावर लाँड्रीच्या न पुसणाऱ्या शाईने आकडा घातलेला: २७. इस्पितळात सत्तावीस नंबर त्यांचाच होता. दुसरा उचलला, २७. तिसरा, २७.

"अगं बाई!" त्या मटकन स्टुलावर बसल्या. मग ज्या उठल्या त्या भडकूनच. "मेल्या!" त्या दातओठ खात म्हणाल्या, आणि मग त्यांना आठवलं की नवऱ्याला जाऊन चार महिने झाले. आता भांडायचं तरी कोणाशी?

नवरा दिवसभर टपाल कचेरीत शिक्के मारायचा आणि शनिवारी संध्याकाळी क्लबच्या बँडमध्ये ही गिटार वाजवायचा. सिस्टर रविवार लेकीसाठी मोकळा मिळावा म्हणून शनिवारची संध्याकाळची ड्यूटी मागून घ्यायच्या. त्यामुळे एकतीस वर्षांत नवऱ्याला स्टेजवर एकदाही त्यांनी ऐकलं नव्हतं. घरी तो स्पीकर न लावता वाजवायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, अगदी दबकत.

आणि त्याच एकतीस वर्षांत त्यांचे मोजे नाहीसे होत होते. दर काही महिन्यांनी जोडीतला एक. नवऱ्याला विचारलं की तो चहाच्या कपात बघत म्हणायचा, "लाँड्रीत गेला असेल." झालं! सिस्टरनी इस्पितळाच्या लाँड्रीबाईला धारेवर धरलं. एवढ्यावर भागलं नाही तेव्हा मेट्रनकडे लेखी तक्रार केली. लाँड्रीबाईला सगळ्या स्टाफसमोर बोलणी खावी लागली. त्यानंतर दोघी निवृत्त होईपर्यंत, चौदा वर्षं, एका जिन्यावरून जाता-येताना भिंतीकडे तोंड करून गेल्या. आणि हा गृहस्थ घरी बसून चहा पीत होता!

"टाकून देऊ ना?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"हात तर लावून बघा!"

"नाही, म्हणजे आता नवा पिकअप बसवलाय मी. आवाज थेट तारांखालून उचलतो. आत काही कोंबायची गरजच नाही."

सिस्टरनी मोजे पिशवीत भरले आणि तशाच तरातरा लाँड्रीबाईच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या नवऱ्याने घेतले होते," दार उघडताच त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही. तो गिटारीत भरत होता."

लाँड्रीबाईने एक मोजा उलटा करून पाहिला. "शाई माझीच आहे," ती म्हणाली. "चौदा वर्षं मी चोर होते, सिस्टर. जेवायच्या सुट्टीत माझ्याशेजारी कोणी डबा उघडत नव्हतं. आणि आज तुम्ही पिशवी घेऊन आलात?"

"माफी मागायला आले."

"बरं. पिशवी ठेवा इथेच. पुरावा आहे तो."

सिस्टरनी पिशवी दारातच ठेवली. त्यांनी पर्समधून निमंत्रणाचं कार्ड काढून पुढे केलं. शनिवारी क्लबात नवऱ्याच्या आठवणीचा कार्यक्रम होता, याच गिटारीवर लेक वाजवणार होती. लाँड्रीबाईने कार्ड घेतलं, "बघू" म्हणाली आणि दार लावलं.

शनिवारी दुपारी चारला हॉलमध्ये तालीम. सिस्टरनी नवेकोरे पांढरे मोजे घातले होते. मोठ्या दिवशी मोजे नवे हवेत, ही नोकरीतली सवय. आज आपण नवऱ्याची गिटार ऐकणार, स्पीकरवरून, भरल्या हॉलमध्ये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

लेकीने पहिली तार छेडली, ठीक. दुसरी, ठीक. खालचा जाड सूर लावला मात्र, स्पीकरमधून 'घूंऽऽ' सुरू झालं आणि बघता बघता एवढं चढलं की खिडकीची तावदानं थरथरली. लेकीने घाबरून तारांवर हात ठेवला.

"फीडबॅक," साउंडवाला म्हणाला.

"म्हणजे काय गं?" सिस्टरनी लेकीला विचारलं.

"आई, आवाज स्पीकरमधून निघतो तो परत या पोकळ पोटात शिरतो. पोट थरथरतं, ते पिकअप पकडतो, आणखी मोठं करून स्पीकरला देतो. ते परत पोटात. फिरत राहतं नुसतं."

साउंडवाल्याने खालचे सूर कापले, तर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजू लागली. लेकीची खुर्ची स्पीकरपासून तिरपी फिरवली. थोडा फरक पडला, पण आवाज वाढवला की पुन्हा तोच सूर, तोच घूंकार. शेवटी त्याने हेडफोन गळ्यात टाकला.

"ही म्युझियममध्ये ठेवा, मॅडम. असं करू, याच गाण्यांचा ट्रॅक आहे माझ्याकडे. तो लावतो. तुम्ही गिटार नुसती हातात धरा, बोटं हलवा. लोकांना काय कळतंय!"

"उत्तम!" क्लबचे चिटणीस म्हणाले. "फोटोही छान येतील."

लेक खाली मान घालून बसली. तेव्हा सिस्टरांचा बांध फुटला.

"लोकांना कळत नसेल, मला कळतं! एकतीस वर्षं माझ्या नवऱ्याला तुम्ही मागच्या रांगेत बसवलंत, पडद्याच्या दोरीपाशी. एकतीस वर्षं मी लोकांच्या जखमा धुतल्या आणि याला ऐकायचं उद्यावर टाकलं. आणि आज माझ्या तोंडाला पानं पुसता? माझी मुलगी स्टेजवर खोटी बोटं हलवणार नाही!"

"पण सिस्टर, ती ओरडते त्याला काय करणार?"

काय करणार? सिस्टर गिटारीच्या फटींकडे बघत राहिल्या. टोकं बाहेर लोंबत होती, असं दुरुस्तीवाला म्हणाला होता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवऱ्याच्या पाठीला मोठं गळू झालं होतं. सिस्टर रोज घरी त्या जखमेत गॉजची पट्टी भरायच्या आणि भरता भरता त्याला समजावायच्या: घट्ट कोंबायचं नाही, पोकळी नुसती भरायची, आणि टोक बाहेर ठेवायचं, म्हणजे पुन्हा काढता येतं. तो पालथा पडून हूं हूं करायचा. त्यांना वाटायचं, ऐकत नाहीये.

त्या विंगेत गेल्या, बूट काढले, मोजे काढले. पर्समधून ड्रेसिंगचा लांब चिमटा काढला आणि लेकीपुढे गुडघ्यावर बसल्या.

"तो ओरडणारा सूर धर. आणि तुम्ही हो साउंडवाले, आवाज चढवत राहा. थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

घूंकार उठला. सिस्टरनी एका फटीतून मोजा आत सोडला, घडी घडीने, हलका. घूंकार जरा बसला. दुसऱ्या फटीतून दुसरा. किंचित जास्त झाला, सूर मेला. बोटभर मागे ओढला, सूर परत आला. आणि आता फक्त सूरच होता.

"च्यायला," साउंडवाला पुटपुटला. "थांबलं की!"

"पण ती टोकं दिसतायत," चिटणीस म्हणाले. "फोटोत..."

"दिसू देत!"

सहा वाजता हॉल भरला. बिनमोज्यांचे बूट चावत होते, म्हणून सिस्टरनी ते खुर्चीखाली सारले आणि अनवाणीच बसल्या. शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी येऊन टेकलं. लाँड्रीबाई. तिने सिस्टरांचे पाय पाहिले, मग स्टेजवर गिटारीतून डोकावणारी पांढरी टोकं पाहिली.

"आता कोणावर आळ घेणार, सिस्टर?"

"कोणावर नाही. या खेपेला मीच दिलेत."

लाँड्रीबाई नाकातून फुसकन हसली. तिने पिशवीतून दोन मोजे काढले, धुऊन, इस्त्री करून, चौकोनी घडी घातलेले, आणि सिस्टरांच्या मांडीवर ठेवले. "घाला. फरशी गार आहे. आणि माफबिफ केलेलं नाही मी, सांगून ठेवते."

सिस्टरनी एक पायात चढवला. फाटक्या भोकातून टाच बाहेर आली. दुसरा उलगडतच होत्या, एवढ्यात लेकीने तो खालचा सूर लावला. भरदार, गोल, हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि शांतपणे विरला. नवऱ्याने दर शनिवारी हा सूर असाच सांभाळला होता.

लेकीची तीन गाणी संपून टाळ्या सुरू झाल्या, तरी सिस्टरांचा एक पाय उघडाच होता आणि दुसरा मोजा मुठीत होता.