रंध्याची नवी दोरी

या मित्रांनो, जरा जवळ सरका. गॅरेजचे शटर अर्धे खाली आहे, तेव्हा डोके सांभाळून वाकून आत या. मन इकडे द्या, म्हणजे एका भल्या माणसावर मी किती संशय घेतला आणि त्या संशयाचे पुढे काय झाले, ते सांगतो. देवाच्या दयेने गोष्ट गोड आहे, पण त्या गोडापर्यंत पोचायला आधी थोडे कडू गिळावे लागेल.

मी एक जुना रंधा आहे. लाकूड तासून सपाट करणे हे माझे काम. माझे अंग एकाच अखंड ओंडक्याचे, पोटात तिरके बसवलेले पोलादी पाते आणि ते हलू नये म्हणून ठोकलेली पाचर. मला एका सुताराने स्वतःसाठी घडवले. मी अंगाने दांडगा, एकट्याच्या जोरावर चालणारा नव्हे. म्हणून माझ्या नाकाशी एक आडवी खुंटी आहे आणि त्या खुंटीला दोरी असायची. मागून सुतार ढकलायचा, पुढून त्याची लहान लेक दोरी ओढायची. दोघांचा मेळ जमला की माझ्या तोंडातून कागदासारखे पातळ सालपट निघायचे आणि लेक ते डूल म्हणून कानात अडकवायची. सुतार काम करताना देवाचे नाव गुणगुणत असे. मी त्याच तालावर मागेपुढे होत असे. तसे सुख मला पुढे कधी मिळाले नाही.

लेकीची तक्रार एकच होती.

"बाबा, तुम्ही मला मागं कधी येऊच देत नाही."

"टेबल माझ्या मापाचं आहे गं," सुतार म्हणायचा. "उभं राहून हात खाली सोडला, की मनगट टेबलाला लागलं पाहिजे. तुझं तर नाक लागतंय. मोठी झालीस की तुझ्या मापाचं करू."

ती मोठी झाली, पण टेबल राहून गेले. सुतार देवाघरी गेला. तिचा धाकटा भाऊ लिफ्टची दुरुस्ती करतो, त्याला लाकडाची गोडी नाही. म्हणून आम्हा हत्यारांची पेटी लेकीबरोबर तिच्या सासरी आली. नवरा शिंपी. पेटी त्याच्या शिलाई मशीनमागे, जिन्याखाली सरकवली गेली. तिथे माझी दोरी कुजून गळून पडली. अधूनमधून लेक झाकण उघडायची, माझ्या पात्यावरून तेलाचे बोट फिरवायची आणि झाकण लावायची. एकदा काजे करता करता तिने नवऱ्याला त्या राहून गेलेल्या टेबलाची गोष्ट सांगितली. तो मशीनवर वाकलेला होता. नुसते "हं" म्हणाला. ऐकले की नाही, देव जाणे.

आता मित्रांनो, इथून सावध व्हा, कारण इथून मी सावध झालो.

शिंप्याचे डोळे थकले, त्याने दुकान आवरले. घरची जुनी गाडीही भंगारात गेली आणि गॅरेज रिकामे झाले. जमिनीवर इंजिनाच्या तेलाचा काळा डाग तेवढा उरला. एका सकाळी शिंप्याने आमची पेटी फरफटत तिथे आणली. बायकोला सांगितले, "वेळ जात नाही. सुतारकाम शिकतो."

"बाबांच्या हत्यारांवर?" लेकीने विचारले.

"मग काय माझ्या कात्रीने लाकूड कापू?"

ती हसली नाही. मीही हसलो नाही. आयुष्यभर कापडावर खडू चालवलेल्या माणसाला उतारवयात लाकूड का आठवावे? शिवाय तो शटर अर्धे ओढून काम करी आणि तिची चाहूल लागली की हातातले फडक्याखाली झाकी. सरळ माणसाला फडके कशाला लागते?

त्याचे काम बघून तर माझा जीवच खाली-वर होई. पहिल्याच दिवशी त्याने कामासाठी नवे टेबल करायला घेतले, त्याचे पाय कापले आणि प्रत्येकाला दोन बोटे जास्त लाकूड ठेवले. का, तर कापडाला शिवणीत दाबायला जास्तीचे ठेवतात ना, तसे. मग टेबल उभे करताना लक्षात आले की लाकडाला दुमड घालता येत नाही. स्वतःशीच खजील होऊन त्याने चारी पाय पुन्हा कापले. लेक तेव्हा शटरखालून वाकून बघत होती.

"ते कापड नाही, उसवून परत शिवायला," ती म्हणाली. "बाबांची करवत बोथट करून ठेवाल."

"तू आलीसच आहेस तर जरा सरळ उभी राहा," शिंपी म्हणाला आणि गळ्यातली टेप काढून तिच्या मनगटापासून जमिनीपर्यंत धरली.

"अहो, कुठल्या कपड्याला हे माप लागतं?"

"हाताची सवय आहे. सुटत नाही."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षे संसार केलेली बाई नवऱ्याकडे जशी डोळे बारीक करून बघते, तशी. त्यानंतर त्याने ते पाय आणखी कापले. टेबल इतके बुटके झाले की तो त्यावर काम करायला वाकला की कमरेला हात लावून उठे. मी मनात म्हटले, झाले, या माणसाला माप म्हणजे काय तेही कळत नाही.

मग त्याने भिंतीवर फळी ठोकली. प्रत्येक हत्यार फळीवर धरून भोवती खडूने रेघ मारली, जणू कपड्याची कापणी आखतोय. करवतीला जागा मिळाली, पटाशीला मिळाली, काटकोन तपासायच्या गुण्याला मिळाली, बाजारातून आलेल्या ड्रिल मशीनलासुद्धा मिळाली. मला नाही. माझ्यासाठी एवढीशी रेघही नव्हती. म्हणजे मी इथे राहणार नव्हतो.

आणि शेवटी त्याने नवी दोरी आणली. चांगली घट्ट पिळाची. माझ्या खुंटीला पक्की गाठ मारून तिचे दुसरे टोक मोकळे सोडले. मित्रांनो, तुम्हीच सांगा, मी काय समजावे? भिंतीला टांगायचाच बेत होता. मी पाहिले नाही, पण ऐकले आहे, की जुनी हत्यारे अशी दोरीने लटकवून दिवाणखान्यात ठेवतात. पाहुणे त्यांच्याखाली बसून गप्पा मारतात आणि हत्यार पुन्हा कधी लाकडाला लागत नाही.

दोरी लेकीनेही पाहिली. तिने तिथेच गॅरेजच्या दारातून भावाला फोन लावला.

"रविवारी गाडी घेऊन ये," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांची सगळी पेटी घेऊन जा. तुझ्या कपाटात कुलपात राहू दे. इथं बाबांच्या रंध्याला शोभेचा करून टांगतायत. मला बघवणार नाही."

कुलूप किंवा भिंत. माझ्यापुढे एवढेच उरले. रविवार येईपर्यंत मी देवाला एकच म्हणत होतो, एकदा लाकडाला लावू दे, मग कुठेही ने.

रविवारी भाऊ आला. त्याने फळीवरची हत्यारे काढून पेटीत भरायला सुरुवात केली. शिंपी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होता. त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, राग मानू नका," भाऊ म्हणाला. "ताईचा जीव आहे त्यांच्यात."

"म्हणूनच तर," शिंपी म्हणाला आणि गळ्यातली टेप गुंडाळू लागला.

मी टेबलावर होतो. मला उचलायला भाऊ वाकला आणि कण्हला. "हे टेबल कुणासाठी केलंय? तुमची उंची काय, याची काय? इथं काम करणाऱ्याची कंबर जायची. ताई, बघ की तूच."

लेक पुढे आली. मला घ्यायला तिने हात खाली सोडला आणि तो हात तिथेच थांबला. तिचे मनगट टेबलाच्या कडेला बरोबर लागले होते. न वाकता, न टाचा उचलता. तिने हात काढला, परत ठेवला.

मग शिंपी म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, या वयात काय करू टेबल. म्हटलं, आधी तयार करावं."

"आणि ही दोरी?"

"तुझ्या बाबांचा रंधा एकट्यानं चालत नाही, असं तूच म्हणाली होतीस. काजे करताना." तो उठला आणि टेबलाच्या पुढच्या बाजूला जाऊन दोरीचे मोकळे टोक हाताला गुंडाळू लागला. "मला ढकलायला जमणार नाही. ओढायला जमेल. त्याला फळीवर जागा ठेवली नाही, कारण तो इथंच राहणार, टेबलावर."

लेकीने पदराने डोळे टिपले आणि टेबलाच्या शिकंज्यात एक फळी आवळली. तिने माझ्या पाचरीवर हातोडीने हलकेच टकटक केली. तो आवाज मी विसरलो नव्हतो, तीही विसरली नव्हती. मग आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या मागे उभी राहिली. सुताराच्या तळव्याने माझ्या पाठीत जो खळगा पडला आहे, त्यात तिचा तळवा सैल बसला.

पहिल्या ओढीला मी फळीत रुतलो. शिंप्याने गुराचे दावे ओढावे तशी दोरी ओढली होती.

"अहो, हिसका नको. नुसता ताण ठेवा. मशीनमधला दोरा ठेवता तसा."

"असं सांग ना माझ्या भाषेत," शिंपी म्हणाला.

दुसऱ्या ओढीला मी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि सालपट निघाले, जाड, वेडेवाकडे, मध्येच फाटलेले. लेकीने ते उचलून कानाला लावले. ती काहीतरी गुणगुणत होती. मी कान दिला. सुताराचेच होते.

"मग मी गाडी रिकामीच नेऊ का?" भावाने विचारले.

"त्या फळीवरचं सगळं आधी जागच्या जागी लाव," लेक म्हणाली. "खडूची रेघ आहे, चुकायचं नाही."

मित्रांनो, तेव्हापासून मी टेबलावरच आहे. त्या ड्रिल मशीनवर माझा अजून विश्वास नाही, पण ते वेगळे. तुमच्या घरात जुनी हत्यारे असतील तर त्यांना तेल द्या, पण तेलापेक्षा काम द्या. आणि सपाट फळीवरून हात फिरवून तुम्ही ढकलणाऱ्याचे कौतुक कराल, ते जरूर करा. फक्त तेव्हा पुढे उभा राहून दोरीला ताण देणाऱ्या त्या शिंप्याची एकदा आठवण काढा.